ॲमॉस्केगच्या गिरण्या आणि दोन कॅमेरे

१९१४ मधलं एक छायाचित्र. गिरणीच्या विटांच्या भिंतीवर अमेरिकेचा अवाढव्य झेंडा टांगलाय: ९५ फूट लांब, ५० फूट रुंद, एकेक चांदणी वारभर. कापड घरचंच. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, मेरिमॅक नदीकाठच्या मँचेस्टर शहरातल्या ॲमॉस्केग कंपनीने तो आपल्याच गिरणीत बनवला होता.

हे शहरही जवळपास कंपनीनेच वसवलेलं. १८३१ मध्ये स्थापन झालेल्या ॲमॉस्केगने नदीच्या दोन्ही तीरांवरच्या जमिनी घेतल्या. धबधब्यावर पाणी अडवून ते दोन पातळ्यांवरच्या कालव्यांतून चक्रांवर सोडलं. रस्ते आखले, बागांसाठी जागा सोडल्या, कामगारांसाठी विटांची घरं बांधली. पूर्व तीरावर सुमारे मैलभर गिरण्यांची रांग उभी राहिली. ऐन भरात तिथे १७ हजारांच्या आसपास माणसं राबत. त्यांत कॅनडाच्या क्युबेक प्रांतातून आलेली फ्रेंचभाषक कुटुंबं मोठ्या संख्येने होती.

कंपनीच्या छायाचित्रांत हा सगळा पसारा रुबाबात दिसतो. वळणदार रांगेतल्या इमारती, मनोरे, कालव्यांवरचे पूल. माणसं असलीच, तर इमारत किती उंच आहे ते कळण्यापुरती.

याच गिरण्यांच्या दारात मे १९०९ मध्ये छायाचित्रकार लुईस हाइन येऊन गेला होता. राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी तो देशभर फिरत होता. मालक आत येऊ देईनात, तेव्हा तो कधी विमा एजंट बनून शिरे, नाही तर फाटकाबाहेर थांबे. पोराची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून जोखायचा आणि खिशात हात घालून तिथल्या तिथे टिपून ठेवायचा. नाव, वय, काम अशी जमेल तेवढी माहिती छायाचित्राबरोबर जाई. कंपनीने इमारत मोजली. हाइनने पोरं मोजली.

१९२२ मध्ये कंपनीने मजुरी २० टक्क्यांनी कापली आणि आठवड्याचे ४८ तास ५४ वर नेले. नऊ महिने संप चालला. त्यातून ॲमॉस्केग पुरती सावरली नाही. दक्षिणेतल्या स्वस्त मजुरीच्या गिरण्यांशी स्पर्धा होतीच. १९३५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी गिरण्या बंद पडल्या. मार्च १९३६ मध्ये मेरिमॅकला पूर आला, त्यात मॅकग्रेगर पूल वाहून गेला आणि पाणी गिरण्यांत शिरलं.

साठच्या दशकाअखेरीस नूतनीकरणाच्या नावाखाली पाडापाडी सुरू झाली, कालवे बुजवले जाऊ लागले. तेव्हा रँडॉल्फ लँगेनबाख या तरुणाने उरलेल्या गिरण्यांची छायाचित्रं काढली. पुढे इतिहासकार तमारा हरेवन जुन्या कामगारांच्या मुलाखती घेऊ पाहत होत्या. ‘आमच्याकडे सांगण्यासारखं काय आहे?’ असाच बहुतेकांचा सूर. १९७५ मध्ये शहरातल्या करिअर कलादालनात ॲमॉस्केगच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरलं आणि चित्र पालटलं. भिंतीवर आपलंच आयुष्य मांडलेलं पाहून माणसं आपणहून बोलू लागली: कुठल्या खात्यात कामाला होतो, मुकादम कसा होता, संपात घर कसं चाललं.

त्या मुलाखती आणि लँगेनबाखची छायाचित्रं १९७८ मध्ये एकाच पुस्तकात छापून आली.