हेस्टी, विल्यम हेन्री

(१७ नोव्हेंबर १९०४–१४ एप्रिल १९७६). अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विख्यात विधिज्ञ व संघीय अपील न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश. जन्म टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे. अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर (१९२५) त्याने हार्व्हर्ड विद्यापीठातून कायद्याची पदवी (१९३०) व डॉक्टरेट (१९३३) मिळविली. हॉवर्ड विद्यापीठाच्या विधिविद्यालयात त्याने अध्यापन केले. थर्गुड मार्शल हा तेथील त्याचा विद्यार्थी.

राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट याने १९३७ मध्ये हेस्टीला व्हर्जिन बेटांच्या जिल्हा न्यायालयावर नेमले. देशातील तो पहिलाच कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश होय. तथापि हे पद ठराविक मुदतीचे होते. १९३९ मध्ये ते सोडून तो हॉवर्डच्या विधिविद्यालयाचा अधिष्ठाता झाला. १९४० पासून तो युद्धमंत्र्याचा नागरी साहाय्यक होता. परंतु सैन्यातील, विशेषतः हवाई दलातील, वर्णविभक्तीच्या निषेधार्थ त्याने १९४३ च्या आरंभी राजीनामा दिला. टेक्सस राज्यात डेमॉक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतून कृष्णवर्णीयांना वगळले जाई. त्याविरुद्धच्या ‘स्मिथ विरुद्ध ऑलराइट’ (१९४४) या खटल्यात त्याने मार्शलसह सर्वोच्च न्यायालयात यशस्वी युक्तिवाद केला. पुढे तो व्हर्जिन बेटांचा गव्हर्नर होता (१९४६–४९).

ऑक्टोबर १९४९ मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन याने त्याची तिसऱ्या मंडलाच्या अपील न्यायालयावर नियुक्ती केली. फिलाडेल्फिया येथे मुख्यालय असलेल्या या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी व डेलावेअर ही राज्ये आणि व्हर्जिन बेटे येतात. अमेरिकेच्या संविधानानुसार अशा न्यायाधीशास राष्ट्राध्यक्ष नामनिर्देशित करतो व सिनेटची संमती मिळाल्यावरच त्याची कायम नेमणूक होते. सिनेटचे अधिवेशन चालू नसताना राष्ट्राध्यक्षास तात्पुरती नेमणूक करता येते. मात्र तिची मुदत पुढील अधिवेशनाच्या अखेरीस संपते. हेस्टीची पहिली नेमणूक या प्रकारची होती.

कायम न्यायाधीश सद्‌वर्तन असेपर्यंत पदावर राहतो व त्याचे वेतन कमी करता येत नाही. कार्यकारी सत्ता व विधिमंडळ यांच्या रोषाची भीती न बाळगता त्याने न्याय द्यावा, हा या तरतुदींचा हेतू. तात्पुरत्या न्यायाधीशास हे संरक्षण नसते. ज्या सिनेटच्या हाती त्याचे भवितव्य असते, तिच्या निर्णयाची वाट पाहतच त्याला निवाडे करावे लागतात. जानेवारी १९५० मध्ये ट्रूमनने हेस्टीचे नाव सिनेटकडे रीतसर पाठविले. संमती १९ जुलै १९५० रोजी मिळाली. म्हणजे सुमारे नऊ महिने त्याने अशा अनिश्चिततेत न्यायदान केले.

१९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी याने सर्वोच्च न्यायालयातील रिक्त जागेसाठी हेस्टीचा विचार केला होता. परंतु ती जागा बायरन व्हाइट यास मिळाली. सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश होण्याचा मान १९६७ मध्ये मार्शल या त्याच्या शिष्याकडे गेला. हेस्टी १९६८ पासून आपल्या न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश होता. १९७१ मध्ये तो नियमित कामातून मुक्त होऊन ज्येष्ठ न्यायाधीश झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यात त्याचे निधन झाले. न्यायासनावर कृष्णवर्णीय व्यक्तीस केवळ बसविणे आणि तिला तेथून हलविता येणार नाही अशी शाश्वती देणे, यांतील अंतर हेस्टीच्या कारकीर्दीवरून स्पष्ट होते. १९३७ ची नियुक्ती व १९५० ची सिनेटची संमती यांमध्ये तेरा वर्षे गेली.