घोड्यांच्या कळपातील मान आणि मैत्र

कुरणात चरणारे दोन घोडे अचानक चरणे थांबवतात, एकमेकांजवळ येतात आणि समोरासमोर तोंडे करून किंचित तिरके उभे राहतात. एकाची मान दुसऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे जाते, दुसऱ्याची पहिल्याच्या. आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यापाशी दोघेही पुढच्या दातांनी एकमेकांना हलके हलके खाजवू लागतात. काही मिनिटांनी बाजू बदलून तोच क्रम पुन्हा सुरू होतो. पाहणाऱ्याला वाटते, खाज सुटली असावी. तशी ती असतेही. परंतु कळपात इतके घोडे असताना हे दोघेच दिवसेंदिवस एकमेकांना का शोधतात, याचे उत्तर खाजेत सापडत नाही.

घोड्याचे अंग घासून साफ करण्याला मराठीत ‘खरारा’ म्हणतात. पागेत हे काम मोतद्दार करतो. कुरणात घोडे ते एकमेकांसाठी करतात. या परस्पर खराऱ्यात कोण कोणाचा जोडीदार होतो, याच्या नोंदी प्राणीवर्तनाचे अभ्यासक गेली पाच दशके ठेवत आले आहेत. त्यातून घोड्याच्या समाजाचे जे चित्र उभे राहिले, ते लोकप्रिय समजुतीपेक्षा बरेच निराळे आहे. कळप म्हणजे एक बलदंड म्होरक्या आणि त्याच्या धाकात वावरणारे बाकीचे, ही समजूत चित्रपटांनी आणि काही अंशी घोडे शिकवणाऱ्यांनीही रुजवली. कळपात उतरंड असते, हे खरे. पण कळपाला एकत्र ठेवणारी गोष्ट उतरंड नव्हे.

कानांची भाषा

उतरंड म्हणजे काय, हे आधी पाहू. प्राण्यांमधील श्रेष्ठ-कनिष्ठ क्रमाची शास्त्रीय चर्चा कोंबड्यांपासून सुरू झाली. नॉर्वेचे थोर्लाइफ श्येल्डेरुप-एबे यांनी 1920च्या दशकाच्या प्रारंभी, कोणती कोंबडी कोणाला टोचते याचा क्रम मांडला. पुढे तीच कल्पना गाईगुरांना, माकडांना आणि घोड्यांना लावली गेली. घोड्यांच्या बाबतीत मात्र टोचण्याइतके उघड असे काही क्वचितच घडते. वरचढ घोडी नुसते कान मागे पाडते आणि मान किंचित पुढे काढते; समोरची दोन पावले बाजूला सरकते आणि प्रकरण संपते. तेवढ्याने भागले नाही तर दात दिसतात, मग पाठ फिरवली जाते आणि मागचा पाय उचलला जातो. प्रत्यक्ष चावा किंवा दुगाणी ही अखेरची पायरी. दीर्घकाळ एकत्र राहिलेल्या कळपात ती फार थोड्या वेळा गाठली जाते. घोड्याची लाथ हाड मोडू शकते आणि लंगडा घोडा रानात टिकत नाही. सगळ्यांची जागा ठरलेली असणे हे म्हणूनच खालच्यांच्याही सोयीचे असते.

ही जागा निव्वळ ताकदीने ठरत नाही. बहुतेक कळपांत वयाने मोठे आणि कळपात अधिक काळ राहिलेले घोडे वरच्या पायरीवर आढळतात. आकारमानाचे महत्त्व त्या मानाने कमी. कृश, म्हातारी घोडी धिप्पाड तरुण घोड्याला पाण्यावरून हटवते, हे दृश्य कुरणात नवे नाही. उतरंड शिडीसारखी सरळ असते, असेही नाही. पहिला दुसऱ्याला हटवतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला, अशी त्रिकोणी गुंतागुंत अनेक कळपांत आढळली आहे. मोकळ्या, भरपूर गवताच्या कुरणात तर उतरंड जवळजवळ अदृश्यच होते, कारण भांडण्यासारखे काही नसते. तीच घोडी वाळल्या गवताच्या एका ढिगाभोवती किंवा अरुंद पाणवठ्यावर आणली की कान मागे जाऊ लागतात. अमेरिकेतील वायोमिंगच्या रेड डेझर्ट या कोरड्या प्रदेशात पाणवठ्यावर येणाऱ्या रानटी घोड्यांची पाहणी 1970च्या दशकात झाली. तेथे वेगवेगळ्या टोळ्यांमध्येही क्रम असल्याचे दिसले. एक टोळी पाणी पिऊन हटेपर्यंत दुसरी ताटकळत राहत असे.

कळपाला वाट कोण दाखवते, हा याच्याशी जोडला जाणारा, पण मुळात वेगळा प्रश्न आहे. सर्वांत वरची घोडी पुढे चालते आणि बाकीचे निमूट मागे जातात, अशी मांडणी वर्षानुवर्षे केली गेली. मार्जोरी बुर्जाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रझेवाल्स्की या रानघोड्यांच्या गटांचे निरीक्षण केले, तेव्हा एकच ठरावीक नेता सापडला नाही. निघण्यापूर्वी वेगवेगळे घोडे हालचाल सुरू करतात आणि बहुतेकांचा कल जुळला की गट निघतो. ‘लीडर’ होऊन घोड्याला वठणीवर आणण्याचे जे धडे दिले जातात, त्यांचा आधार यामुळे बराच डळमळतो.

चौदा घोड्यांचे कुरण

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदी समुद्राला मिळते तेथे कामार्गचा पाणथळ प्रदेश आहे. येथील घोडे जन्मतः काळपट असतात आणि वयाबरोबर पांढरे होत जातात. स्वित्झर्लंडचे पक्षिअभ्यासक ल्यूक हॉफमन यांनी 1954 मध्ये तूर द्यु व्हाला हे संशोधन केंद्र या प्रदेशात स्थापन केले. 1974 मध्ये केंद्राच्या सुमारे तीनशे हेक्टर कुरणात चौदा घोडे सोडण्यात आले आणि त्यांच्या जीवनात शक्यतो ढवळाढवळ करायची नाही, असे ठरले. दशक उलटण्यापूर्वी त्यांची संख्या नव्वदीच्या पुढे गेली होती. प्रत्येक घोड्याची आई, जन्मवर्ष, कुटुंब आणि सोबती नोंदलेले असल्याने घोड्यांच्या सामाजिक जीवनाविषयी आजचे बरेचसे ज्ञान या एका कळपातून आले आहे.

उन्हाळ्यात कामार्गमध्ये रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांचा उच्छाद असतो. पॅट्रिक डंकन आणि नादिन व्हिन्य यांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की घोडे मोठ्या गटात उभे राहिले की प्रत्येकाला चावणाऱ्या माश्यांची संख्या घटते. मित्र तर एकाचे तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे, अशा रीतीने उलटसुलट उभे राहतात. एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोळ्यांवरील माश्या हाकलते. पण माश्या नसलेल्या थंडीच्या दिवसांतही तेच दोघे जवळ उभे असतात. सोबत ही माश्यांपुरती नव्हती.

सोबत्यांची निवड कशी होते? कामार्गच्या नोंदींनुसार साधारण एकाच वयाचे आणि उतरंडीत जवळ असलेले घोडे एकमेकांना अधिक पसंत करतात. एका घोड्याचे जवळचे सोबती बहुधा एक ते तीन. बाकीच्यांशी निव्वळ ओळख. सर्वांत वरच्या घोड्याला सर्वाधिक मित्र असतात, असेही नाही. मान एकीकडे आणि मैत्र दुसरीकडे. वरचढपणा भीतीवर चालतो, तर मैत्रीसाठी आपली मान दुसऱ्याच्या दातांपाशी निर्धास्त न्यावी लागते.

या निर्धास्तपणाचा शरीरावर होणारा परिणाम क्लॉडिया फे आणि द माझिएर यांनी 1993 मध्ये मोजला. घोडे एकमेकांना मानेच्या मुळाशी जिथे अधिक पसंतीने खाजवतात, तिथे संशोधकांनी हाताने तसेच खाजवले आणि हृदयाचे ठोके नोंदवले. ठोके स्पष्टपणे मंदावले. शिंगरांमध्येही आणि मोठ्या घोड्यांमध्येही. शरीराच्या ज्या भागी घोडे एकमेकांना सहसा खाजवत नाहीत, तिथे तसेच केले असता हा परिणाम दिसला नाही. आवडीच्या त्या जागेजवळ स्वायत्त मज्जासंस्थेचे एक महत्त्वाचे केंद्र असते. जुना, हुशार मोतद्दार बिथरलेल्या घोड्याच्या गालावर थापटण्याऐवजी त्याची आयाळीखालची मान का चोळतो, याचा उलगडा यातून होतो.

कामार्गमधीलच दुसरे निरीक्षण नर घोड्यांचे आहे. घोड्यांच्या कुटुंबात साधारणतः एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असतात. इतर नर एकटे किंवा ‘ब्रह्मचारी’ टोळ्यांत राहतात. परंतु काही कुटुंबांत दोन नर एकत्र नांदत असल्याचे फे यांना आढळले. हे प्रामुख्याने उतरंडीत खाली असलेल्या घोड्यांचे पुत्र होते. स्वबळावर कुटुंब मिळवणे आणि राखणे त्यांना अवघड गेले असते. जोडीतला दुय्यम नर बाहेरच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढण्याचा मोठा भार उचलतो, वरचढ नर घोड्यांजवळ राहतो. हा व्यवहार दुय्यम नराला तोट्याचा वाटेल. प्रत्यक्षात कुटुंबातील जवळपास एक चतुर्थांश शिंगरे त्याची होती. जोडीविना लपूनछपून त्याला जे मिळाले असते, त्याहून हे अधिक होते. जन्माने मिळालेली खालची पायरी मैत्रीने काही प्रमाणात भरून काढता येते, असा या 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अर्थ.

घोड्यांच्या माद्यांबाबत याहून बळकट पुरावा न्यूझीलंडमधून आला. तेथील उत्तर बेटावर, कैमानावा पर्वतराजीत रानटी घोड्यांच्या टोळ्या आहेत. एलिसा कॅमेरॉन, ट्रीने सेटसास आणि वेन लिंकलेटर यांनी 2009 मध्ये दाखवले, की ज्या घोड्यांचे आपल्या गटातील इतर घोड्यांशी संबंध अधिक घट्ट, त्यांना अधिक शिंगरे होतात आणि ती अधिक जगतात. या मैत्रिणी एकमेकींच्या नात्यातल्या नव्हत्या. बहिणी-बहिणींनी एकमेकींना सांभाळण्यामागचे जैविक गणित ठाऊक होते. रक्ताचा संबंध नसताना तोच लाभ व्हावा, ही नवी गोष्ट होती. घट्ट मैत्री असलेल्या घोड्यांना नरांचा त्रासही कमी सोसावा लागत होता.

मैत्री म्हटली की मत्सर आलाच. आइसलँडी घोड्यांच्या एका कळपात माख्टेल्ड व्हान डिरेनडाँक आणि सहकाऱ्यांनी पाहिले, की आपला सोबती तिसऱ्याच घोड्याबरोबर खरारा करू लागला की पहिला मधे घुसतो आणि त्यांना वेगळे करतो. भांडणानंतर समेटही होतो. काही मिनिटांतच दोघे नाकाला नाक लावतात किंवा शेजारी येऊन चरू लागतात. हे सगळे ‘माणसासारखे’ आहे असे म्हणण्याचा मोह संशोधकांनी बहुधा टाळला आहे, आणि ते योग्यच.

ठाणबंद एकटेपण

जगातील बहुसंख्य पाळीव घोडे मात्र असे जगत नाहीत. शर्यतीचे आणि स्पर्धांचे घोडे सामान्यतः स्वतंत्र खोलीत असतात. आपल्याकडे सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे सौदे होतात तेव्हा चाल, रंग, भोवरे, उंची यांची बारकाईने पारख होते. घोडा आजवर कोणाशेजारी उभा होता, हा प्रश्न सौद्यात येत नाही. आगाडी-पिछाडीच्या दोरांनी जखडलेल्या घोड्याला शेजारी दुसरा घोडा असूनही त्याच्या मानेपर्यंत पोहोचता येत नाही. दिवसभर जागच्या जागी झुलणे, लाकूड कुरतडून हवा गिळणे अशा सवयी ठाणबंद घोड्यांत दिसतात. ‘घोड्याला खोड आहे’ म्हणून मालक त्या खपवून घेतात किंवा गळ्यात पट्टा आवळून दाबू पाहतात. मोकळ्या कळपांत या खोडी सहसा आढळत नाहीत. झोपेचा प्रश्नही आहे. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सर्वांना माहीत असते, पण झोपेच्या एका टप्प्यासाठी त्याला आडवे व्हावेच लागते. कळपात काही घोडे आडवे झाले तरी एखादा बहुधा उभा राहतो. पहारा देणारे कोणी नसेल, तर असुरक्षित वाटणारा घोडा आडवा होण्याचे टाळतो.

स्वित्झर्लंडने 2008 च्या प्राणिसंरक्षण नियमावलीत ही गरज कायद्याच्या भाषेत मांडली. प्रत्येक घोड्याला दुसरा घोडा दिसला पाहिजे, त्याचा आवाज ऐकू आला पाहिजे आणि त्याचा वास घेता आला पाहिजे. दूध तोडलेली शिंगरे साधारण अडीच वर्षांची होईपर्यंत गटातच वाढवली पाहिजेत. आणि घोड्याला कायम बांधून ठेवता येणार नाही. पागांना बदल करण्यासाठी काही वर्षांची मुदत देण्यात आली होती.

घोडे एकत्र ठेवण्याला मालकांचा नेहमीचा आक्षेप असतो दुखापतीचा, आणि तो पोकळ नाही. नवा घोडा एकदम कळपात सोडला, तर पहिले काही दिवस दुगाण्या झडतात. पण यावरचा उपाय सोपा आहे. नवागताला आधी कुंपणापलीकडे ठेवून ओळख होऊ द्यायची, नंतर कळपातल्या एखाद्या शांत घोड्याबरोबर एकत्र सोडायचे आणि मग सर्वांमध्ये. जागा ऐसपैस हवी आणि तिला कोंडी होईल असा कोपरा नको. चारा एका ढिगात न टाकता घोड्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन ढीग जास्त ठेवून अंतराअंतराने टाकावा, म्हणजे हटवल्या गेलेल्याला उपाशी राहावे लागत नाही. घोडे विकताना किंवा दुसऱ्या पागेत हलवताना जुनी जोडी शक्यतो फोडू नये. जोडी कोणती, हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. दुपारी चरणे थांबल्यावर कोण कोणाशेजारी जाऊन उभा राहतो, एवढे आठवडाभर पाहिले तरी पुरते.