मिरज तालुक्यात वीज किती खपणार, हे ठरवतं पाणी

विजेची विक्री वाढली म्हणजे कारखाने वाढले, असा सर्वसाधारण समज आहे. मिरज आणि कुपवाड एमआयडीसीपुरता तो बरोबर. खेड्यापाड्यात मात्र खप पाण्यावर ठरतो. पाऊस लांबला की मोटारी सुरू, चांगला लागला की बंद.

पाच एचपीची मोटार तासाला जवळपास पावणेचार युनिट घेते. आठ तास चालली तर 30 युनिट. महिन्याला 90 युनिट जाळणाऱ्या घराला तेवढी वीज दहा दिवस पुरते. म्हणून फेब्रुवारी ते मे या काळात ऊस, द्राक्षबागा आणि पानमळे पाणी मागतात, तेव्हा फीडरवर ताण येतो.

पण दुष्काळात खप वाढतोच असं नाही. विहिरीत पाणीच नसेल तर मोटार काय उपसणार? तालुक्याच्या पूर्व भागात, आरग, बेडग, सलगरे पट्ट्यात म्हैसाळ योजनेच्या पाण्यानं हे गणित बदललं. कृष्णेचं पाणी उचलायला योजनेचे पंप वीज खातात. ते पाणी कालव्यात आलं, विहिरींना पाझर लागला की शेतकऱ्याची मोटारही चालते. म्हणजे एकाच पाण्यापायी दोनदा वीज लागते. योजनेच्या वीजबिलाचा 81 टक्के वाटा सरकारनं आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी उचलायचा, असं सूत्र ठरलेलं आहे.

नदीकाठाची गोष्ट उलटी. ऑगस्ट 2019 च्या महापुरात मोटारी, डीपी सगळं पाण्याखाली गेलं. तिथं मागणी असो नसो, वीजच बंद ठेवावी लागते.

शेतीला किती वीज विकली, हा आकडा वाचताना मात्र जरा जपून. बऱ्याच शेतीपंपांना मीटर नाही, बिल एचपीवर निघतं. त्यामुळं या आकड्यातला काही भाग मोजलेला नसून अंदाजाचा असतो.

एप्रिल 2024 पासून मार्च 2029 पर्यंत साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे. मोफत म्हणजे विक्री नाही असं नव्हे. शेतकऱ्याचं बिल सरकार महावितरणला देतं. मर्यादेच्या वरचा पंप असेल तर बिल भरावंच लागतं. नदीवरून लांब पाईपलाईन टाकलेल्या ऊसवाल्यांना हाच मुद्दा नडतो. बिलावर मंजूर भार किती एचपी लिहिलाय, तो एकदा बघून घ्यावा.

आता सौर. यातले प्रकार लोक एकच समजतात. ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेतला पंप वायरीवरून वीज घेतच नाही, म्हणजे तेवढी विक्री घटते. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला त्यात 10 टक्के रक्कम भरावी लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 5 टक्के. सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ प्रकल्प उभा राहतो, महावितरण त्याची वीज विकत घेऊन शेतीपंपांना देते. इथं विक्री कमी होत नाही, फक्त वेळ बदलते: रात्रीची पाळी दिवसावर येते. कारखान्यांनी छतावर पॅनेल टाकले की महावितरणचं चांगलं दर देणारं गिऱ्हाईक कमी होतं. शेतीच्या स्वस्त विजेचा बराचसा भार याच गिऱ्हाइकांच्या दरात धरलेला असतो.

रात्री बारानंतर बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाणाऱ्याला विक्रीचे आकडे कळोत न कळोत, आपला फीडर दिवसाच्या यादीत कधी येणार एवढंच विचारायचं असतं. त्याची चौकशी महावितरणच्या शाखा कार्यालयात करता येते.