उंची-धारण (ऑटोपायलट) : घरी बांधलेल्या विमानांतील बिघाड

वैमानिकाने ठरवलेली उंची आपोआप राखणारी ऑटोपायलटची सोय. हौशी विमानबांधणाऱ्याने स्वतः बसवलेली ही यंत्रणा बिघडली, की संशय आधी ऑटोपायलटच्या डब्यावर जातो. खरा दोष मात्र पुष्कळदा हवेच्या नळीत किंवा एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वरखाली करणाऱ्या फळीच्या, जोडणीत सापडतो.

ऑटोपायलटला उंची कळते ती बाहेरच्या हवेच्या दाबावरून. विमानाच्या अंगावरील बारीक छिद्रातून, म्हणजे स्टॅटिक पोर्टमधून, हा दाब नळीने आत येतो. दाब वाढला की विमान खाली आले असे धरून सर्व्हो मोटर एलिव्हेटर हलवते आणि नाक वर उचलते. उदाहरणार्थ, बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच आहे. तेथील हवेत दाब एका हेक्टोपास्कलने बदलणे म्हणजे उंची सुमारे 30 फुटांनी बदलणे. नळीचा एक सैल सांधाही एवढा फरक पाडू शकतो.

घरी बांधायच्या विमानांशी बंगळुरूचे नाते जुने आहे. बर्ट रुटान यांनी हौशी बांधणाऱ्यांसाठी आखलेल्या लाँग-ईझीवरून नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने (एनएएल) येथे ‘लाइट कॅनार्ड रिसर्च एअरक्राफ्ट’ बांधले; ते 1987 मध्ये उडाले. या विमानाचे एलिव्हेटर शेपटीला नसून नाकाजवळच्या छोट्या पंखाला, कॅनार्डला असते. लाँग-ईझीचा मूळ कॅनार्ड पावसात भिजला की त्याची उचल घटे आणि नाक झुके. पुढे वेगळ्या छेदाचा कॅनार्ड काढून हा दोष दूर झाला. अशा विमानाने पावसात उंची सोडली, तर आधी ट्रिम, म्हणजे दांड्याला हात न लावता नाक समतोल ठेवणारी जुळणी, पाहावी.

बिघाड ओळखण्याची पहिली खूण आल्टिमीटर (दाबावर चालणारा उंचीमापक) आणि जीपीएस यांच्या तुलनेत मिळते. आल्टिमीटर स्थिर, पण जीपीएसवरची उंची सरकते आहे, तर ऑटोपायलट आपले काम नीट करतो आहे. त्याला मिळणारा दाबच खोटा आहे. खिडकी किंवा हवेचा झरोका उघडताच विमान चढू वा उतरू लागले, तर केबिनमध्ये नळी गळते आहे. नळीत साचलेले पाणीही असाच घोटाळा करते.

आल्टिमीटरही वरखाली होत असेल, तर शोध सर्व्होकडे वळवावा. नाक सारखे वरखाली डोलत राहिल्यास सर्व्होची संवेदनशीलता जास्त असते, किंवा दांड्यांत ढिलाई अथवा घर्षण असते. उंची एकाच दिशेने हळूहळू सुटत असेल, तर ट्रिम चुकली आहे किंवा सर्व्होची पकड घसरते आहे. रेडिओवर बोलताना नाक हलले, तर वायरिंग तपासावे. बंगळुरूत उन्हाळ्यातील दुपारच्या उकळत्या हवेत यातले काहीच नीट कळत नाही. चाचणी पहाटेच्या शांत हवेत घ्यावी.

बांधणाऱ्याला एक मोठी सोय असते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाला 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळाली. असे विमान स्वतः बांधणाऱ्याला त्यातील प्रत्येक नळी आणि तार कुठून गेली हे ठाऊक असते.

प्रत्येक चाचणीआधी, सर्व्हो चालू असताना वैमानिकाचा नियंत्रण-दांडा हाताच्या जोराने हलतो आणि बंद करण्याचे बटण काम करते, याची जमिनीवरच खात्री करावी. गळतीसाठी अमेरिकी नियमांतील कसोटी उपयोगी आहे : दाबरहित केबिनच्या विमानात नळीतील हवा काढून आल्टिमीटर 1,000 फूट चढवावा आणि नळी बंद करावी, एका मिनिटात 100 फुटांहून अधिक घट दिसता कामा नये. नळी या कसोटीला उतरल्याशिवाय सर्व्हो खोलू नये.