निवडणूक लागली की घरातली परवान्याची बंदूक जमा करावीच लागते का? शेतकऱ्यांनो, जाणून घ्या नियम

आचारसंहिता लागली की गावात पहिला निरोप येतो तो बंदुकीचा. 'परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करा', असं पोलीस पाटील किंवा बीट अंमलदार सांगून जातात. कोकणात आणि घाटमाथ्यावर अनेकांकडे शेती संरक्षणाची ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक आहे. एकीकडे रानडुकरं उभं पीक लोळवतात आणि नेमकी तेव्हाच बंदूक ठाण्यात पडून असते, ही तक्रार जुनीच आहे. म्हणून नियम काय सांगतो, ते माहीत असलेलं बरं.

सरसकट जमा करायची का?
नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये याच विषयावर निकाल दिला. त्यानंतर निवडणूक आयोगाच्या सूचनांप्रमाणे जिल्ह्यात छाननी समिती असते. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक तिच्यात असतात. कुणाचं शस्त्र जमा करून घ्यायचं, हे ही समिती ठरवते. प्रामुख्याने तीन प्रकारचे परवानाधारक तपासले जातात :
- जामिनावर सुटलेले
- गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले
- पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सहभागी असलेले

बँकांचे सुरक्षारक्षक आणि स्पर्धेत भाग घेणारे नेमबाज यांना सवलत मिळते.

नोटीस आली तर?
नोटीस मिळाल्यापासून ७ दिवसांच्या आत शस्त्र जमा करावं लागतं. टाळाटाळ केली तर आदेशभंगाचा गुन्हा दाखल होऊ शकतो. जमा करताना एवढं करा :
- बंदूक रिकामी करून, साफ करून न्या.
- पावती घेतल्याशिवाय निघू नका. पावतीवर परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसं दिली असतील तर त्यांची संख्या लिहिलेली हवी.
- परवान्याची झेरॉक्स आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

निकालानंतर एक आठवडा झाला की शस्त्र परत देणं ही प्रशासनाची जबाबदारी आहे. पावती घेऊन ठाण्यात जा.

पीक राखायला बंदूक हवीच असेल तर?
जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत सातबारा, परवान्याची प्रत आणि नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर तो जोडा. अर्जाची पोच घ्या. निर्णय समितीचा असतो. पण तोंडी विनंतीपेक्षा कागद बरा.

बंदूक घरी राहिली तरी ती खांद्याला लावून गावभर फिरता येत नाही. निकाल लागेपर्यंत शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी असते. शिवाय बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर मारायलाही वन विभागाची परवानगी लागते. गव्याला तर कायद्याचं सर्वात कडक संरक्षण आहे.

मतदानाच्या दिवशी
लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन गेल्यास २ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दोषी ठरल्यास शस्त्र जप्त होऊ शकतं आणि परवाना रद्द समजला जातो. ड्युटीवरचे पोलीस आणि निवडणूक अधिकारी यांना हा नियम लागू नाही.

गुलाल उधळा, गोळी नको
विजयी मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून लोकांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा ३ वरून २ केली आणि परवान्याची मुदत ३ वरून ५ वर्षं केली.

उमेदवाराकडे बंदूक आहे का, कसं बघायचं?
प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावं लागतं. त्यात मालमत्ता आणि गुन्हे लिहावे लागतात. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर असेल तर अनेक उमेदवार ते जंगम मालमत्तेत किमतीसह दाखवतात. शस्त्र कायद्याखालचा खटला प्रलंबित असेल तर तो गुन्ह्यांच्या रकान्यात दिसला पाहिजे. लोकसभा-विधानसभेची शपथपत्रं आयोगाच्या ॲपवर मोबाईलवरच वाचता येतात.

२ वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेली व्यक्ती लोकसभा-विधानसभा लढवू शकत नाही आणि सुटकेनंतरही ६ वर्षं अपात्र राहते.

मत मागायला उमेदवार दारात आला की त्याला विचारा : रानडुकरांच्या नुकसानीची भरपाई वेळेत मिळावी म्हणून काय करणार? शेती संरक्षणाच्या परवान्याचं नूतनीकरण तालुक्यातच व्हावं यासाठी पाठपुरावा करणार का? सुगीत बंदुका अडकून पडू नयेत, यावर तुमचं म्हणणं काय? उत्तर ऐका, आणि मग ठरवा.