तळटीप : रमाबाईंचा ‘आनंद’

१२. आनंद : पंडिता रमाबाईंच्या बाबतीत हा शब्द सुखासमाधानाच्या अर्थाने वाचू नये. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी. बाप्तिस्मा १८८३ मध्ये, इंग्लंडात वाँटेज येथे झाला. पण तेव्हा आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र भेटला नाही, तो पुढे आठ वर्षांनी भेटला, असे बाईंनीच आत्मकथनात सांगितले आहे. हा कबुलीजबाब मला फार मोलाचा वाटतो, कारण दुःखाने पिचलेल्या बाईला दिलासा हवा होता म्हणून ती ख्रिस्ती झाली, हा सोपा तर्क त्यापुढे टिकत नाही. शिवाय ख्रिस्त भेटल्याचा हा आनंद त्यांनी स्वतःपुरता ठेवला नाही. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. उपास काय असतो हे त्यांना ठाऊक होते. केडगावचे ‘मुक्ती’ सदन त्यातूनच उभे राहिले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बाई गेल्या ५ एप्रिल १९२२ रोजी. हिब्रू व ग्रीकवरून केलेले त्यांचे मराठी बायबल ‘मुक्ती’च्याच छापखान्यात छापले गेले.