थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी

१९४६ सालीं सरकारी मालकीच्या झालेल्या बँक ऑफ इंग्लंडला हें नांव १७९७ मधील एका व्यंगचित्रामुळें पडलें. त्यापूर्वीं, १७८० च्या दंगलींत, लंडनचा जमाव बँकेवर चालून गेला होता. पुढें सर जॉन सोन यांनीं ४५ वर्षें खपून तिच्याभोंवतीं खिडक्यांवांचून भिंत उभारली. आंत मात्र वरून उजेड झिरपणारीं घुमटाकार दालनें रचलीं. हिशेबाच्या वह्यांवर एवढें सौंदर्य क्वचितच कोणीं उधळलें असेल! जागा अपुरी पडतांच १९२५ पासून हर्बर्ट बेकर यांनीं (नव्या दिल्लीचें सचिवालय बांधणारे तेच) तीं दालनें पाडून सात मजले चढविले. भिंत तेवढी राहिली. जमावाला जें साधलें नाहीं, तें आंतल्या मंडळींनींच केलें. त्यांपैकीं एक दालन १९८८ सालीं जुन्याबरहुकूम पुन्हां बांधून तेथें संग्रहालय उघडण्यांत आलें.